निळं दिसलं म्हणजे झालं असं नाही: एमसीएफ-७ पेशींमध्ये सेनेसन्स आणताना गेलेले सहा महिने

जुलै ते डिसेंबर २०२४ आमच्या लॅबमध्ये एकच काम चाललं होतं. एमसीएफ-७ नावाच्या, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध द्यायचं, पण इतकंच की त्या मरणार नाहीत, फक्त त्यांचं विभाजन कायमचं थांबेल, म्हणजे त्या सेनेसन्समध्ये जातील. आणि मग ते खरंच थांबलंय हे दाखवायचं. पेपरांमध्ये हे सगळं ‘पद्धत’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकलेलं असतं. त्या चार ओळींत कुठे कुठे अडकायला होतं, ते तारखांसकट लिहून ठेवतो आहोत. लॅब विद्यापीठाची आहे: एक हूड, एक सीओटू इन्क्युबेटर, एक फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप, तोही वेळ लावून मिळणारा. खर्चाचे आकडे आमच्या बिलांवरचे आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं. सेनेसन्स म्हटलं की म्हातारपण डोळ्यासमोर येतं, आणि त्याला इतिहास आहे. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशी बाटलीत साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. ते थांबणं टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, झिजल्यामुळे येतं. कर्करोगाच्या बहुतेक पेशींमध्ये ही टोकं भरून काढणारं टेलोमेरेज चालू असतं, त्यामुळे त्या अशा झिजून थांबत नाहीत. त्यांना थांबवावं लागतं. डॉक्सोरुबिसिनने डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम नावाचं प्रोटीन जागं होतं, पी५३ हे पहारेकरी प्रोटीन साचत जातं, त्यामुळे पी२१ वाढतं, पी२१ विभाजन पुढे नेणाऱ्या सीडीके-२ला धरून ठेवतं, आरबी या विभाजनाच्या ब्रेकवर तो सोडवणारं फॉस्फेट चढत नाही आणि पेशी पुढे सरकत नाही. मरतही नाही. हाफ-फ्राय अंड्यासारखी पसरते, खात राहते आणि आजूबाजूला बरंच काही सोडत राहते. या सोडण्यालाच सास्प म्हणतात.

पहिला कागद १० जुलैला गेला, तो एथिक्स कमिटीकडे. पेशींनंतर हीच चाचणी रुग्णांच्या गाठींवरही करायची होती. पेशींचं काम जेमतेम सुरू झालेलं असताना गाठींच्या नमुन्यांचा अर्ज का, असं लॅबमध्येच विचारलं गेलं. कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. नुसत्या सेल लाइनला (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींना) एथिक्सची परवानगी लागत नाही, आमच्या जैवसुरक्षा समितीला एक पानी सूचना पुरली. रुग्णाच्या गाठीचा तुकडा हवा असेल तर मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पूर्ण प्रस्ताव, मराठी-हिंदी-इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्र, भाषांतर उलट तपासल्याचं प्रमाणपत्र आणि हॉस्पिटल-विद्यापीठ यांच्यातला करार, एवढं सगळं लागतं. करारावर कुलसचिवांची सही लागते, आणि ती फाइल फिरायलाच पाच आठवडे गेले. अर्ज भरतानाच करार वेगळा सुरू करा, एकामागून एक करू नका.

पेशी मात्र लगेच मिळतील असं वाटलं होतं. शेजारच्या एका लॅबकडून एमसीएफ-७ची गोठवलेली व्हायल आणली आणि ३ जुलैला वितळवली. पेशी वाढत होत्या, पण आळशीपणाने. मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते द्रावण) स्वच्छ, बुरशी नाही, गढूळपणा नाही. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा हाच त्रास आहे. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. १६ जुलैला पीसीआर केलं तर ठळक पट्टा आला. सेनेसन्सच्या कामात हे विशेष वाईट, कारण मायकोप्लाझ्मा पेशींचं चयापचय आणि दाहाचे संकेत दोन्ही बिघडवतो, म्हणजे आपण जे मोजणार नेमकं तेच. औषध देऊन साफ करता येतं म्हणतात. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. सगळे फ्लास्क टाकून दिले, इन्क्युबेटर रिकामा करून पुसला, पाण्याचा ट्रे ऑटोक्लेव्ह केला. पीसीआर करताना मीडिया दोन-तीन दिवस न बदललेला आणि पेशी दाट झालेल्या असू द्या. ताज्या मीडियातून नमुना घेतला तर लागण असूनही सुटू शकते.

१९ जुलैला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सेल रिपॉझिटरीकडे अर्ज केला. विभागप्रमुखांची सही, पेशी दुसऱ्या कुणाला देणार नाही अशी हमी, पैसे आगाऊ. ६ ऑगस्टला फ्लास्क हातात आला. पुण्याहून आमच्या गावापर्यंत एसटीने पाच तास लागतात. जिवंत पेशींचा फ्लास्क बर्फात ठेवायचा नसतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो काठोकाठ मीडियाने भरलेला हवा, म्हणजे रस्त्याच्या धक्क्यांनी आत फेस होत नाही. झाकण घट्ट, वर पॅराफिल्म, थर्माकोलच्या डब्यात कापसात आडवा, आणि डबा खिडकीच्या उन्हापासून लांब. आल्यावर रात्रभर तसाच इन्क्युबेटरमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी जादा मीडिया काढून पाच मि.ली. ठेवायचा. काढलेला मीडिया गाळून पुढच्या पॅसेजला, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवताना, वापरता येतो.

पेशी रुळल्यावर आधी बँक केली, म्हणजे गोठवून साठा केला: बारा व्हायल, २० ऑगस्टपर्यंत. त्याच दरम्यान एसटीआर तपासणी, म्हणजे पेशी खरंच त्याच लाइनच्या आहेत ना हे डीएनएवरून पाहणं, साडेसहा हजार रुपये. नमुना ९ ऑगस्टला गेला, अहवाल २ सप्टेंबरला आला. रिपॉझिटरीतून आणलेल्या पेशींची तपासणी कशाला, असं विद्यापीठाच्या स्टोअरने (खरेदी विभागाने) टिपण लावून विचारलं होतं. उत्तरात दोन उदाहरणं दिली. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि निघाली मेलानोमाची. औषधाला दाद न देणारी एमसीएफ-७ म्हणून जी एक लाइन जगभर फिरली, ती निघाली अंडाशयाच्या कर्करोगाची. फाइल सुटली.

एमसीएफ-७ निवडायची कारणं सांगायला हवीत, कारण पुढे झालेल्या एका चुकीचं मूळ त्यातच आहे. ही लाइन १९७० साली एका रुग्णाच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून काढली. ‘एमसीएफ’ म्हणजे डेट्रॉइटचं मिशिगन कॅन्सर फाउंडेशन. पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत, पी५३ शाबूत आहे, आरबी शाबूत आहे. शिवाय कॅस्पेज-३च्या जनुकाचा तुकडा गळालेला असल्यामुळे त्या सहजासहजी नेहमीच्या पद्धतीने आत्महत्या करत नाहीत. म्हणजे डीएनए तुटल्यावर मरण्यापेक्षा थांबण्याकडे त्यांचा कल. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या लाइनमध्ये पी५३ बदललेलं आहे, तिथे हाच डोस दिला की चित्र वेगळंच होतं. दोन्ही लाइन एकाच डोसवर तोलू नका.

डॉक्सोरुबिसिन आम्ही केमिकलच्या कॅटलॉगमधून न घेता हॉस्पिटलच्या औषध दुकानातून घेतलं. विभागाचं पत्र दिलं की मिळतं. पाच मि.ली.मध्ये दहा मि.ग्रॅ.ची व्हायल, दोनशे चाळीस रुपये. घेताना लेबल नीट वाचा, लिपोसोमल डॉक्सोरुबिसिनही त्याच कप्प्यात असतं, ते नको. व्हायल दोन मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असते आणि हायड्रोक्लोराइडचं आण्विक वजन ५८०, म्हणजे ती साधारण ३.४५ मिलिमोलार झाली. २९ मायक्रोलिटर व्हायलमधून आणि ७१ मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी, हा एक मिलिमोलार साठा. त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर मीडियात, हा दहा मायक्रोमोलार. यातले ४० मायक्रोलिटर दोन मि.ली.च्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) टाकले की दोनशे नॅनोमोलार. व्हायलमधून थेट वेलमध्ये टाकायला गेलात तर अर्ध्या मायक्रोलिटरपेक्षाही कमी पिपेट करावं लागेल, आणि तसं करून आलेल्या डोसवर कुणीच विश्वास ठेवू नये. साठ्याचे छोटे वाटे करून फॉइलमध्ये गुंडाळून उणे वीसला. प्रकाशात तो बिघडतो. वापरलेला मीडिया आणि टिप्स पिवळ्या पिशवीत, वर सायटोटॉक्सिकची खूण. सिंकमध्ये नाही आणि ऑटोक्लेव्हमध्येही नाही.

२७ ऑगस्टला पहिली प्लेट केली: ५०, १००, २००, ५०० आणि १००० नॅनोमोलार, चोवीस तास औषध, मग पीबीएस या खारट बफरने दोनदा धुऊन साधा मीडिया, दर दोन दिवसांनी बदल. १०००ला तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त पेशी तरंगत होत्या. ५०ला चौथ्या दिवसापासून वाढ पुन्हा सुरू. २००ला पेशी चिकटून राहिल्या, रुंद झाल्या, केंद्रक मोठं झालं, काहींमध्ये दोन-दोन केंद्रकं. हा आकडा तुमच्याकडे वेगळा येऊ शकतो. सीरमचा लॉट, पॅसेज, पेशींची दाटी, कशानेही सरकतो. लॉट बदलला की डोस पुन्हा बसवा.

२ सप्टेंबरला रंगवलं. सेनेसन्स-संलग्न बीटा-गॅलॅक्टोसिडेज ही चाचणी १९९५ साली डिमरी, कॅम्पिसी आणि सहकाऱ्यांनी मांडली. लायसोसोममधलं (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमधलं) बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम सगळ्याच पेशींत असतं आणि ते पीएच ४ ते ४.५ला जोरात चालतं. थांबलेल्या पेशींत लायसोसोम इतके वाढतात की पीएच ६ला, म्हणजे एन्झाइमला न मानवणाऱ्या जागीही, त्याचं काम दिसून येतं आणि एक्स-गॅलपासून निळा रंग बनतो. म्हणजे ही ‘सेनेसन्सचं एन्झाइम’ दाखवणारी चाचणी नाही. नेहमीचंच एन्झाइम खूप जास्त झालंय, एवढंच ती सांगते. सगळी गोम इथे आहे.

तर २ सप्टेंबरला द्रावण टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं: औषधाच्या वेलमध्ये निळं, आणि औषध न दिलेल्या वेलमध्येही निळं. थोडं कमी, पण निळं. दोन चुका एकत्र झाल्या होत्या. पहिली म्हणजे दोन्ही वेलमध्ये एकाच दिवशी सारख्याच पेशी पेरल्या होत्या. औषध दिलेल्या थांबल्या, न दिलेल्या आठवडाभरात वाढून गच्च झाल्या. गच्च झालेल्या पेशी सेनेसन्स नसतानाही निळ्या होतात. एमसीएफ-७ तर बेटांसारख्या पुंजक्यांनी वाढते, त्यामुळे प्लेट अर्धी मोकळी दिसत असली तरी बेटाचा मधला भाग गच्चच असतो आणि तिथेच निळं येतं. दुसरी चूक म्हणजे प्लेट रात्रभर सीओटू इन्क्युबेटरमध्ये राहिली. कार्बन डायऑक्साइडने द्रावणाचा पीएच खाली सरकतो, आणि तो खाली सरकला की कुठलीही पेशी निळी व्हायला लागते.

गणपती ७ला बसले, १०ला दुसरी प्लेट केली. या वेळी औषधाच्या वेलमध्ये आदल्या दिवशी एक लाख पेशी, आणि न दिलेल्या वेलमध्ये रंगवण्याच्या दोन दिवस आधी एक लाख, म्हणजे रंगवताना दोन्ही वेल साधारण सारखेच मोकळे. ट्रिप्सिनने पेशी तळापासून सोडवल्यानंतर पिपेटने नीट सुटं केलं, पुंजके राहू दिले नाहीत. शिवाय दोन वेल जास्तीचे: एक मुद्दाम गच्च होऊ दिलेला, आणि एक पीएच ४च्या द्रावणात. पीएच ४चा वेल पूर्ण निळा झालाच पाहिजे. तो झाला नाही तर एक्स-गॅल मेलेलं आहे किंवा फिक्सिंग जास्त झालंय.

द्रावणाचं प्रमाण दहा मि.ली.साठी असं: सायट्रिक-फॉस्फेट बफर पीएच ६चं दोन मि.ली., पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड, दोन्ही शंभर मिलिमोलारचे, प्रत्येकी अर्धा मि.ली., पाच मोलार मीठ ०.३ मि.ली., एक मोलार मॅग्नेशियम क्लोराइड २० मायक्रोलिटर, वीस मि.ग्रॅ. प्रति मि.ली. एक्स-गॅल अर्धा मि.ली., बाकी पाणी ६.१८ मि.ली. बफरसाठी ०.१ मोलार सायट्रिक आम्ल ३६.८५ मि.ली. आणि ०.२ मोलार डायसोडियम फॉस्फेट ६३.१५ मि.ली., तरी शेवटी मीटरवर पाहायचंच. एक्स-गॅल डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये विरघळवायचं, आणि ते पॉलिस्टायरीनची पारदर्शक ट्यूब वितळवतं. आमची एक ट्यूब चिकट होऊन अंगठ्याला लागली, शंभर मि.ग्रॅ. एक्स-गॅल गेलं, एकवीसशे रुपये. पॉलिप्रॉपिलीन किंवा काच वापरा. फिक्सिंग दोन टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, घड्याळ लावून पाच मिनिटं. दहा झाली तर एन्झाइमच मरतं. द्रावण त्याच दिवशी बनवायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, नाहीतर सुईसारखे निळे स्फटिक पेशींवर पडतात आणि नवखा माणूस तेच मोजतो. प्लेटला पॅराफिल्म, खाली ओला टिश्यू, आणि साध्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, सीओटूशिवाय, चौदा तास. उरलेलं द्रावण वेगळ्या बाटलीत टाका. सायनाइडची ही संयुगं तीव्र आम्लात जाता कामा नयेत.

१६ला संध्याकाळी रंगवलं, म्हणजे मोजायचा दिवस आला अनंत चतुर्दशीचा. बाहेर ढोल, आत दोन जण झाकलेल्या लेबलांच्या प्लेटवर पेशी मोजताहेत. फेज कॉन्ट्रास्ट बंद करून साध्या उजेडात बघायचं, कारण फेजमध्ये फिकट निळं गायब होतं. प्रत्येक वेलमध्ये वेगवेगळ्या जागी मिळून किमान तीनशे पेशी, आणि कुठली निळी धरायची हे आधीच ठरवलेलं. आम्ही केंद्रकाभोवती स्पष्ट निळे ठिपके असतील तरच धरल्या. औषध न दिलेल्या वेलमध्ये शंभरात चार-पाच, दोनशे नॅनोमोलारला साठ-सत्तर. मुद्दाम गच्च केलेल्या वेलमध्ये चाळीसच्या घरात! तो वेल नसता तर पहिल्या प्लेटवरून आम्ही काय लिहिलं असतं, याचा विचार त्या दिवशी फार वेळ केला.

निळ्याला जोडीदार लागतात. विभाजन थांबलंय का, हे ईडीयूने पाहिलं. नव्या डीएनएत मिसळणारा हा पदार्थ आहे: सहाव्या दिवशी चोवीस तास मीडियात ठेवायचा, ज्या पेशीने नवा डीएनए बनवला ती चमकते. दोन तास ठेवून भागत नाही, हळू वाढणारी पेशीही तेवढ्यात कोरी दिसू शकते. पी२१ वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) दुसऱ्या दिवशीच चढलं आणि सहाव्या दिवशीही टिकून होतं. केंद्रकाच्या अस्तरातलं लॅमिन बी१ प्रोटीन, सेनेसन्समध्ये उतरायला हवं तसं, उतरलं. इथवर सगळं वेळेत होतं.

अडलो पी१६वर. या प्रोटीनच्या अँटिबॉडीसाठी ५ ऑगस्टला इन्डेंट (मागणीपत्र) टाकलं होतं, कारण सेनेसन्सच्या प्रत्येक आढाव्यात पी१६चं नाव पहिल्या ओळीत असतं. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ती वस्तू उपलब्ध नाही असा त्याच पोर्टलवरून निघणारा अहवाल, तीन कोटेशन, खरेदी समिती, मग ऑर्डर. अँटिबॉडी ३० सप्टेंबरला आली, त्रेचाळीस हजार रुपये. ४ ऑक्टोबरचा ब्लॉट कोरा. आमचा हात चुकला असेल म्हणून पुन्हा केला, जास्त प्रोटीन चढवलं, तरी कोरा. शेवटी त्याच ब्लॉटवर शेजारच्या लेनमध्ये हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी फोडून काढलेला अर्क (लायसेट) टाकला, आणि तिथे झगझगीत पट्टा. हेलामध्ये एचपीव्ही या विषाणूचं ई७ प्रोटीन आरबीला निकामी करतं, त्यामुळे पी१६ भरमसाट वाढलेलं असतं. अँटिबॉडी उत्तम होती. एमसीएफ-७मध्ये पी१६चं जनुकच नाही. सीडीकेएन२ए जनुकाचा पी१६ बनवणारा भाग दोन्ही प्रतींमधून गळालेला आहे. लाइनची माहिती वाचताना पी५३ आणि रिसेप्टर पाहिले आणि तिथेच थांबलो. इन्डेंट टाकण्याआधी ते जनुक आपल्या लाइनमध्ये आहे का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

त्रेचाळीस हजारांतून एवढं मात्र नीट कळलं: पी१६चं काम असतं विभाजन पुढे नेणाऱ्या सीडीके-४ आणि सीडीके-६ला आवरणं. पाल्बोसायक्लिब हे औषध नेमकं हेच बाहेरून करतं. अमेरिकेत त्याला २०१५ साली मंजुरी मिळाली, तीही इस्ट्रोजेन-रिसेप्टर असलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी. पी१६ गेलेलं पण आरबी शाबूत असलेली एमसीएफ-७ या औषधापुढे लगेच थांबते, आणि का थांबते ते आता पुस्तकात न पाहता सांगता येतं.

दसऱ्यानंतर डीएनए तुटल्याच्या खुणा, म्हणजे गॅमा-एच२एएक्सचे ठिपके पाहायला घेतले. लाल रंगाची दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून चमकणारी) होती. औषधाच्या सगळ्या पेशींची केंद्रकं लालभडक, ठिपके नाहीत, सगळीकडे सारखं लाल. पहिली अँटिबॉडी न टाकलेल्या स्लाइडवरही तेच. डॉक्सोरुबिसिन स्वतःच नारिंगी-लाल चमकतं आणि डीएनएमध्ये जाऊन बसतं, धुऊनही बरंच उरतं. लालच्या पलीकडची, ६४७ची दुय्यम अँटिबॉडी मागून आणली आणि ठिपके सुटे दिसले. हिरव्यातही थोडं सांडतं, म्हणून औषध दिलेली पण न रंगवलेली स्लाइड प्रत्येक वेळी हवी.

सास्पचं फार लांबवत नाही. एलायझा (सोडलेली प्रोटीनं मोजायची चाचणी) लावण्याआधी इतकंच पाहा की आकडा पेशींच्या संख्येने भागलाय, कारण थांबलेल्या वेलमध्ये पेशी कमी असतात आणि न भागता सगळं उलटं दिसतं. आणि आयएल-६ हे दाहाचं संकेतप्रोटीन शोधायला एमसीएफ-७ घेऊ नका, ती ते मुळातच फार कमी सोडते.

८ ऑक्टोबरला केलेली एक प्लेट रंगवायची नाही, तशीच ठेवायची असं ठरवलं होतं. ‘कायमचं’ थांबलंय हे सहा दिवसांत कसं कळणार? दिवाळीत मीडिया बदलायच्या पाळ्या लावल्या, दर तीन दिवसांनी. १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, चोविसाव्या दिवशी सहापैकी दोन वेलमध्ये घट्ट, छोट्या पेशींची बेटं दिसली. भोवती पसरट, मोठ्या, न हलणाऱ्या पेशींचं मैदान, आणि मधे हे ताजं पुंजकं. या पेशी थांबून पुन्हा सुरू झाल्या, की मुळात थांबल्याच नव्हत्या, हे या प्लेटवरून सांगता येत नाही. त्यासाठी थांबलेल्या पेशी आधी फ्लो सायटोमीटरवर वेगळ्या काढून मग वाढवाव्या लागतात. पण २०१२ साली उंदरांच्या स्तनातल्या गाठींवर झालेलं काम डोळ्यासमोर आलं. पी५३ शाबूत असलेल्या गाठी डॉक्सोरुबिसिननंतर मेल्या नाहीत, सेनेसन्समध्ये गेल्या, आणि त्यांचा प्रतिसाद पी५३ बिघडलेल्या गाठींपेक्षा वाईट ठरला. पी५३ शाबूत म्हणजे रुग्णाचं नशीब चांगलं, हे इथे सरळ बसत नाही.

एवढ्यात एथिक्सचं काय झालं तेही सांगायला हवं. सभा २१ ऑगस्टला झाली, शंकांचं पत्र ५ सप्टेंबरला आलं. अकरा शंका, त्यातल्या दहा नेहमीच्या: नमुना किती काळ ठेवणार, नाव कुठे राहणार, खर्च कुणाचा. अकरावी समितीतल्या सामान्य सदस्य बाईंची. मराठी माहितीपत्रकात आम्ही ‘वार्धक्य आलेल्या पेशी’ असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं होतं, अडतिशीतल्या बाईने हे वाचलं तर तिला काय समजायचं? आपल्याला म्हातारपणाची गाठ झालीय, असं? आम्ही ‘जराग्रस्त’ लिहून पाहिलं, ते कुणालाच कळेना. ‘झोपलेल्या पेशी’ लिहिलं तर ते चूक, झोपलेली पेशी ही वेगळी अवस्था, ती उठू शकते म्हणूनच तिला झोपलेली म्हणतात. दोन आठवडे त्या एका ओळीवर गेले. शेवटी लिहिलं: ‘औषधामुळे ज्यांची वाढ थांबली आहे, पण ज्या अजून जिवंत आहेत आणि आजूबाजूच्या पेशींवर परिणाम करू शकतात, अशा पेशी.’ २० सप्टेंबरला परत पाठवलं, मंजुरी २३ ऑक्टोबरला. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्याला आता हेच वाक्य वाचायला देतो.

वापरता येईल असा पहिला नमुना २८ नोव्हेंबरला मिळाला. शस्त्रक्रियेआधी केमो झालेल्या रुग्णाच्या गाठीतला, निदानासाठी लागणारा भाग पॅथॉलॉजीने काढून घेतल्यावर उरलेला. पॅराफिनचे जुने ब्लॉक या चाचणीला चालत नाहीत, फॉर्मॅलिन आणि उष्णतेत एन्झाइम उरतच नाही. ताजा तुकडा, ओसीटीमध्ये (गोठवताना वापरायच्या चिकट द्रवात), लगेच गोठवलेला हवा. थिएटरपासून ड्राय आइसच्या डब्यापर्यंतचा माणूस आधी ठरवा. याआधीचा आमचा तुकडा ओटीतल्या सिस्टरांनी सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला होता, तो गेला. २००२ साली ते पूले आणि सहकाऱ्यांनी अशाच गाठी तपासल्या होत्या: केमो झालेल्या ३६ पैकी १५ गाठी निळ्या, फक्त शस्त्रक्रिया झालेल्या २० पैकी २. आमच्यासमोर होती एक.

३ डिसेंबरला दहा मायक्रॉनचे काप रंगवले. ४ला सकाळी गाठीच्या एका कडेने निळ्या पेशींचा सुरेख पट्टा दिसला. फोटो काढले, लेबल लावली. दुपारी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी शेजारच्या कापाची एच अँड ई (पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या रंगांची) स्लाइड लावली, निळा पट्टा मेलेल्या भागाच्या काठाने जातोय हे बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, “अहो, या तुमच्या पेशी नाहीत. या मॅक्रोफेज आहेत, कचरा उचलायला आलेल्या.” मॅक्रोफेजमध्ये लायसोसोम भरपूर, म्हणून त्याही पीएच ६ला निळ्या होतात. आता त्याच कापावर सीडी६८ने मॅक्रोफेज आणि सायटोकेरॅटिनने गाठीच्या पेशी ओळखायच्या आहेत.

सीडी६८चं इन्डेंट ९ डिसेंबरला टाकलं. स्टोअरने जेमचा अहवाल नव्याने काढायला सांगितलाय, पी१६च्या वेळचा चालणार नाही.